अर्ध्या दिवसाची बालवाडी की पूर्ण दिवसाचं पाळणाघर?

बालवाडीचे तीन तास भुर्रकन जातात. गोलात बसून गाणी, रंगकाम, खाऊ, थोडं मैदान, की निघाली मुलं घरी. वेळापत्रक घट्ट असतं. खेळात रमलेल्या मुलाच्या हातातून ठोकळे काढून घ्यावे लागतात. हे मला फारसं पटत नाही.

पाळणाघराचा दिवस लांब आणि सैल. खरी कसोटी दुपारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांनुसार ३ ते ४ वर्षांच्या मुलांना २४ तासांत १० ते १३ तास झोप हवी, दुपारची डुलकी धरून. पण दुपारी सगळीच झोपत नाहीत. न झोपणाऱ्याला अंधारात गप्प पडून राहायला लावतात की कोपऱ्यात चित्रं बघू देतात, हे प्रवेशाआधी विचाराच. एका ताईकडे किती मुलं, हेही. संध्याकाळी किरकिर वाढते; तेव्हा ओळखीची ताई जवळ असली तर निभावतं, पाळी बदलून नवा चेहरा आला की रडारड.

दुपारी घरी सांभाळणारं कोणी असेल तर मी बालवाडी निवडेन. नसेल, तर मुलाला रोज दोन ठिकाणी नाचवण्यापेक्षा एकच चांगलं पाळणाघर बरं.