ब्लेंको घ्यायची का मुरानो?

1950-60 च्या काळातला हाताने फुगवलेल्या काचेचा मोठा फ्लॉवरपॉट घ्यायचा असेल तर माझं मत ब्लेंकोला. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियातल्या मिल्टन गावचा काचेचा कारखाना, तिथे 1953 ते 63 वेन हस्टेड डिझायनर होता आणि त्याने जमिनीवर ठेवायच्या उंचच उंच बाटल्या काढल्या, आकार एकदम साधे आणि रंग असा की खिडकीत ठेवली की अख्खी खोली उजळते. टँजरिन रंग तर बघतच राहावं, एकाच काचेत पिवळ्यापासून लालपर्यंत सरकत जातो. सही मात्र 1958 ते 61 च्याच मालावर, बाकी कागदी लेबल, तेही बहुतेकदा निघून गेलेलं, म्हणून तळाला धरायची सळई तोडल्याची खूण हात लावून बघायचीच.

मुरानो म्हणजे व्हेनिसजवळचं काचकामाचं बेट, तिथलं सोमेर्सो वेगळं प्रकरण. एका रंगाच्या काचेवर दुसऱ्या रंगाचा जाड थर, डिझायनर फ्लावियो पोलीने तिथल्या सेगुसो कारखान्यासाठी केलेलं काम म्हणजे खरंच कमाल, हातात घेतलं की वजनाने दचकायला होतं. पण किंमत जास्त, आणि नुसतं मुरानोचं स्टिकर बघून कोणी पैसे मोजू नका प्लीज, स्टिकर कुठेही चिकटवता येतं.

एकच छोटा पीस ठेवायचा असेल तर सोमेर्सो घ्या. रांग लावायची असेल तर ब्लेंकोच.