बर्डीवर मिळणारा गेम्सबॉक: मूर्ती घ्या, माहितीपत्रक काढून टाका

नागपुरात बर्डीवरच्या (सीताबर्डीच्या) खेळण्यांच्या दुकानांत मऊ प्लास्टिकचा गेम्सबॉक, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या लांब शिंगांच्या कुरंगाची मूर्ती, 480 रुपयांना मिळतो. डब्यावर 1:20 हे प्रमाण छापलंय आणि मोजपट्टी लावली की ते खरं निघतं. खांद्याशी उंची 6 सेंटीमीटर, म्हणजे खऱ्या जनावराची 120. शिंगं साडेचार, म्हणजे 90. मूर्ती मादीची आहे आणि तिला इतकी लांब शिंगं शोभतात, कारण गेम्सबॉकच्या माद्यांची शिंगं नरांपेक्षा लांब आणि बारीक असतात. आपल्याकडच्या रोहीच्या मादीला शिंगं नसतात, म्हणून शिंगांसोबत सड पाहून मूर्ती चुकीची समजू नका.

रंगकाम फार सुरेख. पांढऱ्या तोंडावरचे काळे पट्टे, कुशीवरची काळी रेघ, घोड्यासारखी झुपकेदार काळी शेपटी, सगळं जागच्या जागी. चूक एकच: शिंगांवरची वलयं पार टोकापर्यंत कोरली आहेत. खरं टोक गुळगुळीत असतं.

माहितीपत्रकाने मात्र घोळ घातलाय. त्यात 'जेम्स' म्हणजे रत्नं आणि म्हणून हा 'रत्नहरीण', असं लिहिलंय. हे साफ चूक. नाव डच भाषेतलं आहे. 'गेम्स' म्हणजे आल्प्स पर्वतातला शॅमॉय नावाचा प्राणी, 'बॉक' म्हणजे नर. शॅमॉयच्याही फिकट तोंडावर गडद पट्टे असतात. तेच नाव दक्षिण आफ्रिकेत या प्राण्याला चिकटलं. दोघांचं जवळचं नातं नाही, शॅमॉय शेळ्यामेंढ्यांच्या गोतातला. आफ्रिकान्स भाषेत पहिलं अक्षर घशातून, 'ख'सारखं येतं. शास्त्रीय नावातला 'ऑरिक्स' ग्रीक आहे, अर्थ टोकदार टिकाव. शिंगं पाहिली की तो लगेच पटतो. आणि हे हरीणही नव्हे, कुरंग आहे: शिंगं दरवर्षी गळत नाहीत.

नागपुरात खरी अडचण उन्हाची. मे महिन्यात बंद गाडीत ठेवला तर प्लास्टिक मऊ पडतं आणि बारीक शिंगं आपल्याच भाराने वाकतात. अशा वेळी ओढाताण करू नका. मूर्ती उलटी धरून फक्त शिंगं 70-80 अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, बोटांनी सरळ करा आणि तशीच धरून गार पाण्यात मिनिटभर ठेवा. उकळतं पाणी नको, रंग सुटतो. ठेवताना प्रत्येक शिंगावर स्ट्रॉचा तुकडा चढवला की शिंगं वाकत नाहीत.