आरसी सीप्लेन: सात महिने बांधल्या-उडवल्यानंतर

ऑगस्टमध्ये फोम कापायला घेतला तेव्हा मी रिमोटवरचं (आरसी) ट्रेनर, म्हणजे शिकाऊंसाठीचं विमान जेमतेम तीसेक वेळा उडवलं होतं, तेही पडक्या शेतातून. आता मार्च संपत आलाय, तलाव आटलाय आणि माझ्या वहीत सीप्लेनच्या 64 फ्लाइट नोंदवलेल्या आहेत. पहिल्यांदाच पाण्यावरचं मॉडेल करायला निघालेल्यांसाठी हे लिहितोय. हवेतलं विमान सांभाळणं हळूहळू जमतं. खरी कसोटी असते ती पाण्याने विमानाला सोडण्याची. हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझे तीन रविवार वाचले असते, म्हणून त्याबद्दलच जास्त लिहिणार आहे.

आधी विमानाबद्दल. हे फ्लाइंग बोट प्रकारातलं आहे. खाली दोन फ्लोट नाहीत, पोटच होडीसारखं आहे आणि पंखांच्या टोकांना आधारापुरते छोटे फ्लोट आहेत. पंखाची लांबी 1100 मिलिमीटर, 6 मिलिमीटर जाडीचा डेप्रॉन फोम, बॅटरीसकट वजन 940 ग्रॅम. मोटर 2212, 1000 केव्हीची (एका व्होल्टमागे मिनिटाला हजार फेरे), पंखाच्या वर एका खांबावर बसवलेली, म्हणजे प्रॉपला (पंख्याला) पाण्याचा मारा लागत नाही. 30 अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), 3 सेलची 2200 एमएएच लिपो बॅटरी, 9 ग्रॅमचे चार सर्वो (पंख-शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि फ्लायस्कायचा एफएस-आय6 रेडिओ. सगळं मिळून साधारण 11,500 रुपये लागले. त्यातले निम्मे रेडिओ आणि चार्जरचे, आणि ते पुढच्या विमानांनाही चालतील.

डेप्रॉनच का? माझं पहिलं पोट कागद चिकटवलेल्या फोम बोर्डाचं होतं. वरून वार्निशचे दोन हात दिले होते, पण कापलेल्या कडांमधून पाणी शिरलंच. तिसऱ्या रविवारी कागदाला फोड आले आणि घरी वजन केलं तर 70 ग्रॅम वाढलेलं. डेप्रॉन पाणी पीत नाही. साधा इन्स्टंट ग्लू मात्र त्याला खातो, अक्षरशः खड्डा पडतो. सॉल्व्हंटवाले स्प्रे रंगही तेच करतात. मी पोटाचे सांधे अराल्डाइटने केले आणि रंग पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक वापरला. हॉट ग्लू झटपट लागतो खरा, पण बंद गाडीत दुपारच्या उन्हात मऊ पडतो. माझा एक टिप फ्लोट तसाच सुटून डिकीत पडलेला सापडला.

आता तीन रविवारांची गोष्ट. मी राहतो साताऱ्यात, उडवतो माण तालुक्यात मामांच्या गावाजवळच्या पाझर तलावावर. ऑक्टोबरात तलाव भरलेला होता. विमान पाण्यात सोडलं, थ्रॉटल दिला, ते छान पळायला लागलं. नाक वर आलं, मागे पांढरा फेस उठला, वेगही दिसत होता. पण उठेना. तलावाचं पाऊण अंतर संपलं तरी पाण्यालाच धरून. बॅटरी बदलली, एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप) जास्त ओढला, प्रॉप बदलून पाहिला. मामा बांधावर उभे राहून पाहत होते. ते म्हणाले, "आरं, इमान उडायला बघतंय, पाणीच सोडंना त्याला."

मामांना सीप्लेनमधलं काही माहीत नव्हतं, पण नेमकं तेच घडत होतं.

फ्लाइंग बोटीच्या पोटाला मध्यावर एक पायरी असते. पुढचा तळ तिथे एकदम तुटतो आणि मागचा तळ थोड्या वरच्या पातळीवरून सुरू होतो. वेग आला की विमान या पायरीवर चढतं, मागचा भाग पाण्यातून सुटतो आणि ओल्या तळाचं क्षेत्रफळ एकदम कमी होतं. 1910 मध्ये फ्रान्सच्या आंरी फाब्रने पाण्यावरून पहिल्यांदा इंजिनाचं विमान उडवलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1912 मध्ये, अमेरिकेत ग्लेन कर्टिसची होडीच्या पोटाची फ्लाइंग बोट पाण्याला अशीच चिकटून बसत होती. तळाला पायरी दिल्यावर ती सुटली. माझ्या विमानालाही पायरी होती, 8 मिलिमीटरची, नकाशानुसार मोजून कापलेली. मग घोडं कुठे अडलं होतं?

उत्तर स्वयंपाकघरात सापडलं. नळाच्या बारीक धारेला चमच्याचा फुगीर भाग हळूच टेकवून बघा. पाणी चमच्याच्या गोलाईला धरून वळतं आणि चमचा धारेकडे ओढला जातो. मी पायरीची कड झिजू नये म्हणून तिच्यावरून पॅकिंग टेप गुंडाळला होता आणि नखाने घासून घासून छान गोल केला होता. पाणी त्या गोल कडेवरून वळून मागच्या तळाला जाऊन चिकटत होतं आणि विमानाला खाली ओढत होतं. दिसायला सुबक काम होतं, पण सगळी गडबड त्याच सुबकपणात होती.

टेप काढला. जुन्या प्लॅस्टिक फाइलची 15 मिलिमीटरची पट्टी कापली आणि पायरीच्या कडेला अशी चिकटवली की तिची धार तळाच्या मागे दोन मिलिमीटर बाहेर राहील. बोट फिरवलं तर टोचली पाहिजे इतकी ती कड तीक्ष्ण हवी. पुढच्या रविवारी विमान वीस-बावीस मीटरमध्ये उठलं. त्या क्षणी पाण्याचा आवाज एकदम थांबतो आणि फक्त मोटर ऐकू येते. ते मी अजून विसरलेलो नाही. मामा तर टाळ्या वाजवत होते.

याच विषयातल्या आणखी दोन गोष्टी. तलाव काचेसारखा शांत असेल तर उठायला जास्त धाव लागते. हलक्या लहरी असल्या की तळाखाली हवा शिरते आणि विमान लवकर सुटतं. म्हणून मी आता अगदी पहाटे जात नाही, साडेसात-आठला वाऱ्याची झुळूक सुरू झाली की उडवतो. दुसरी गोष्ट उंचावरच्या मोटरची. थ्रॉटल एकदम दिलात तर ती वरून ढकलते आणि नाक पाण्यात खुपसून विमान नांगरत जातं. एलेव्हेटर पूर्ण ओढून थ्रॉटल तीन-चार सेकंदांत हळूहळू वाढवायचा, विमान पायरीवर चढलं की एलेव्हेटर सैल सोडायचा. तो तसाच ओढून धरला, किंवा गुरुत्वमध्य मागे असला, तर विमान बेडकासारखं उड्या मारत सुटतं. उड्या सुरू झाल्या की थ्रॉटल बंद करून पुन्हा पहिल्यापासून. माझा गुरुत्वमध्य पायरीच्या 10 मिलिमीटर पुढे आहे आणि बॅटरी तिथून हलू नये म्हणून तिला वेल्क्रोचे दोन पट्टे आहेत.

हवेत विमान साधं आहे. ट्रेनरवर आणि पिकासिम सिम्युलेटरवर हात बसला असेल तर घाबरायचं कारण नाही. विमान आपल्याकडे येताना डावं-उजवं उलटं होतं, तेव्हा जो पंख खाली झुकलाय त्याच्याच बाजूला स्टिक न्यायची, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं. एक बॅटरी साधारण आठ मिनिटं जाते. मी टायमर साडेसहाला लावतो, कारण पाण्याच्या मधोमध बॅटरी संपली तर पुढचा तास त्याच्यामागेच जातो.

उलटायची वेळ एकदाच आली, डिसेंबरात. उतरल्यावर जोराच्या आडव्या वाऱ्यात विमान पाण्यावरच वळवायला गेलो. वाऱ्याकडचा पंख उचलला, पलीकडचा टिप फ्लोट बुडाला आणि विमान पालथं झालं. रिसीव्हर फुग्यात घालून त्याचं तोंड झिप टायने आवळलं होतं, म्हणून तो वाचला. वाढदिवसाचा साधा रबरी फुगा, दोन रुपयांचा. ईएससीच्या बोर्डावर नेलपॉलिशचे दोन हात होते, तोही वाचला. एक सर्वो गेला. आता सर्वोच्या दांड्याभोवती व्हॅसलिन भरतो. वारा जास्त असेल तर पाण्यावर वळायचंच नाही. मोटर बंद ठेवली की विमान आपोआप वाऱ्याकडे तोंड करतं आणि मागे मागे वाहत काठाला लागतं. म्हणून जागा निवडताना वाऱ्याच्या खालच्या बाजूला उतार असलेला, बाभळी नसलेला काठ आहे ना, ते आधी बघून ठेवा.

विमान अडकलं तर पोहत जायचं नाही, हे कळकळीने सांगतो. पाझर तलावात गाळ असतो, जुनी जाळी असतात आणि खोली कळत नाही. माझ्याकडे गळाची काठी आणि दोऱ्याला बांधलेला टेनिसचा चेंडू आहे. विमानाच्या पलीकडे चेंडू टाकून ओढलं की ते येतं. तेही जमलं नाही तर ट्रॅक्टरची ट्यूब आणि लाइफ जॅकेट, आणि काठावर दुसरा माणूस हवाच. रेडिओचा फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर विमानाने काय करायचं ती सेटिंग) मात्र पहिल्या दिवशीच थ्रॉटल शून्यावर लावून ठेवा. पाण्याच्या पातळीवर अँटेना असताना रेंज हवेतल्यापेक्षा बरीच कमी मिळते, हे मला प्रत्यक्ष दिसलंय.

खाडीत एकदाच उडवलं, जानेवारीत कोकणात गेलो तेव्हा. उड्डाण सुंदर झालं, पण मोटर धुवायची राहिली आणि आठवड्यात बेअरिंग करकरायला लागले. खाऱ्या पाण्यानंतर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुणं, वाळवणं आणि बेअरिंगला तेलाचा थेंब, हे झालंच पाहिजे.

जागेबद्दलही सांगतो. पुण्याची मंडळी खडकवासल्याचं विचारतात. तिथे शेजारी एनडीए आहे, ते डोक्यातून काढून टाका. कुठेही जायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा हिरव्या, म्हणजे उडवायला मोकळ्या, भागात आहे का ते पाहा आणि 400 फुटांच्या खालीच राहा. मी ग्रामपंचायतीला विचारूनच सुरुवात केली. भिगवणला हिवाळ्यात रोहित पक्षी असतात, तिथे विमान नेऊच नये. आमच्या तलावावरही पाणकावळे उतरले की मी तेवढा वेळ थांबतो.

फेब्रुवारीच्या शेवटी पाणी इतकं मागे गेलं की विमान उतरल्यावर चिखलात रुतायला लागलं, तेव्हा हंगाम थांबवला. 64 फ्लाइटनंतर तळाला ओरखडे आहेत, टिप फ्लोट दोनदा बदललेत, प्लॅस्टिकची पट्टी मात्र अजून तीच आहे. नवं पोट टेबलावर कापून ठेवलंय. रुंदी तेवढीच, 120 मिलिमीटर, पण पायरी 12 मिलिमीटरची केली आहे. तलावात पाणी येईपर्यंत पुढच्या तळाच्या दोन्ही कडांना तुषार दाबणाऱ्या पट्ट्याही लावून होतील.