किमो चालू असताना दुकान: पूर्ण बंद, की अर्धं शटर?

वर्षभरात तिघांनी मला हेच विचारलं. तिघंही दुकानदार, एकाचं किराणा, एकाचं हार्डवेअर आणि एकाचं माझ्यासारखंच कृषी सेवा केंद्र. नोकरदाराच्या हाताशी अर्धपगारी रजा असते, परिवर्तित रजा असते. आपली रजा म्हणजे शटर. म्हणून जे अनुभवलं ते लिहितोय. माझा आजार आतड्याचा होता. तुमचे डोस, तुमची तब्येत वेगळी असेल, तेवढं धरून वाचा.

सेलूत मोंढ्याजवळ माझं दुकान आहे. एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं, मेच्या तिसऱ्या आठवड्यात किमो सुरू. आठ डोस, दर २१ दिवसांनी एक. एक दिवस संभाजीनगरला जाऊन सलाईनमधून ऑक्झालीप्लॅटिन, मग घरी १४ दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, मग सात दिवस मोकळे. चौथ्या डोसापर्यंत दुकानाला कुलूप होतं. ऑगस्टपासून अर्धं शटर वर केलं. म्हणजे दोन्ही करून बघितलंय, हौसेने नव्हे.

बंद ठेवण्यात काही कमी शहाणपण नाही. डोसानंतर आठ-दहा दिवसांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात. त्यात गिऱ्हाईक काउंटरवर वाकून तोंडासमोर खोकतं. आमच्या धंद्यात तर औषधाचा वास. आमच्याकडे फवारणीच्या विषालाही औषधच म्हणतात. पहिल्या डोसानंतर एकदा किल्ली घ्यायला म्हणून दुकानात गेलो, शटर वर केलं, आतला बंद वास अंगावर आला आणि पायरीवरच उलटी झाली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, कीटकनाशकांमध्ये बसायचं नाही. तिसऱ्या दुकानदाराला मी हे पहिलं सांगितलं. किराणावाल्याला ही अडचण नाही.

बंद काळातल्या पैशाचं थोडक्यात. ऑपरेशन आणि किमो महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसलं. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आणि आता पांढऱ्या रेशनकार्डालाही, त्यामुळे कार्डाचा रंग बघून आधीच हाय खाऊ नका. रेल्वेत कॅन्सर पेशंटला आणि सोबतच्या एका माणसाला सवलत मिळते, दवाखान्याचा दाखला लागतो. बुडालेली कमाई मात्र कुठल्याच योजनेत बसत नाही. गाळ्याचं भाडं सात हजार, पोऱ्याचा पगार नऊ हजार, सहा लाखांच्या सीसीचं, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं व्याज साडेपाच हजार. दुकान बंद असो की चालू, हे साडेएकवीस हजार दर महिन्याला जातातच. जीएसटीचं रिटर्नही विक्री शून्य असली तरी भरावं लागतं. मी एफडी मोडली नाही, तिच्यावर कर्ज काढलं. ते स्वस्त पडतं आणि एफडी शिल्लक आहे म्हटलं की रात्री झोप लागते. आरोग्य विम्याची पॉलिसी असेल तर घर गहाण ठेवायची वेळ आली तरी तिचा हप्ता चुकवू नका. कॅन्सरनंतर नवी मिळवणं फार अवघड जातं.

सीसी वापरणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. सीसी खात्यात सलग ९० दिवस काहीच जमा झालं नाही तर ते एनपीए होतं, म्हणजे बँक ते थकलेलं कर्ज धरते. मला बँकेतून सत्तराव्या दिवशी फोन आला. साहेब भला माणूस, आवाज खाली आणून बोलत होता. त्या दिवशी मी पुतण्याला घेऊन हिशोबाची वही उघडली.

खरी मेख या वहीत निघाली.

आपली उधारी कशी फिरते ते तुम्हाला माहीत आहे. हरभरा-गहू विकून लोक मे-जूनमध्ये जुनं फेडतात, कारण त्यांना नवं बी-खत उचलायचं असतं. जुनं मिटवल्याशिवाय नवं मागायला जीभ रेटत नाही. माझं शटर नेमकं त्याच दिवसांत बंद. लोकांनी बी दुसऱ्या दुकानातून उधार उचललं, त्यात वावगं काही नाही, पेरणी थोडीच थांबते. पण आता सोयाबीन मोंढ्यात आलं की पैसे आधी कुणाला जाणार? ज्याने यंदा बी दिलं त्याला. माझी चार लाखांची उधारी एक जागा मागे सरकली होती.

आणि कुणी बुडवायला निघालं होतं असंही नाही, त्याचाच त्रास जास्त. ऑगस्टमध्ये दुकान उघडलं तर चौथ्या दिवशी वालूरकडचा एक जुना शेतकरी आला. टोपी काढून बाकड्यावर बसला. म्हणाला, "मालक, दोनदा येऊन गेलो, शटर खाली. म्हणलं आजारी माणसाच्या घरी पैशाचं काय बोलायचं?" धोतराच्या सोग्यातून प्लॅस्टिकची पिशवी काढून सहा हजार मोजून दिले. अकरा हजारांतले सहा. त्याचा संकोच खरा होता. माझाही तोच. पलंगावर पडून फोन लावायचा आणि "तेवढं बघा की" म्हणायचं, तर समोरच्याला वाटणार दवाखान्यासाठी मागतोय. दोन महिने मी एकही फोन केला नाही, त्यांच्यातला एकही घरी आला नाही. दोन्ही बाजूंनी चांगुलपणा आणि मध्ये चार लाख अडकलेले. दुकानात बसलं की हा तिढाच राहत नाही. माणूस खताची चौकशी करायला येतो, मी वही उघडतो, बोलणं आपसूक तिथे येतं.

आता अर्ध्या शटरची काळी बाजू. एक म्हणजे चौकशी. दिवसाला पंधरा जण विचारणार, कितवी स्टेज, किती खर्च आला, कुणीतरी मला गोमूत्र सांगणार. याला उपाय सापडला नाही. मास्क लावला की निम्मे लांब उभे राहतात एवढंच. दुसरं म्हणजे हात. ऑक्झालीप्लॅटिनने बोटं बधिर होतात आणि डोस वाढतील तसं ते वाढत जातं. सहाव्या डोसानंतर मला नोटा मोजता येईनात. दोन पाचशेच्या चिकटलेल्या नोटा एक समजून परत दिल्या, घेणाऱ्यानेच हाक मारून आणून दिली. तेव्हापासून गल्ला पुतण्याकडे आणि क्यूआर कोड काउंटरवर.

तिसरी गोष्ट खतवाल्यांसाठी. कॅपेसिटाबिनने तळहात-तळपाय सोलतात आणि बोटांचे ठसे पुसट होतात. खतविक्रीचं ई-पॉस मशीन माझ्या आधारवर, माझ्या अंगठ्यानेच सुरू होणारं. एका सकाळी ते माझा अंगठाच घेईना. पुसून बघितला, ओला करून बघितला, दुसरं बोट लावलं. बाहेर युरियाला दहा माणसं उभी, त्यांचे अंगठे चालतात आणि दुकानदाराचा नाही. त्या दिवशी एक गोणी गेली नाही. पुतण्याची नोंद त्यावर नंतर झाली, ती किमोच्या आधीच करून घ्यायला हवी होती.

माझी मांडणी अशी होती: कीटकनाशकाची सगळी रॅक मागच्या गोदामात हलवली आणि त्याचा व्यवहार पुतण्याकडे दिला. त्याचं बी.एस्सी. अॅग्री झालेलं असल्याने कीटकनाशक विकायच्या पात्रतेचा प्रश्न सुटला. मी पुढे, दारापाशी, फक्त वही घेऊन. सकाळी दहा ते एक. डोसाचा दिवस आणि पुढचे पाच दिवस घरी. पेशी खाली असतील तर आठवडी बाजाराच्या दिवशीही घरी, गर्दीत नाही. गोणीला हात लावायचा नाही, हा बायकोचा नियम, आणि तो दोनदा मोडून दोनदा पडून राहिलो.

ऑक्टोबरच्या मध्यात शेवटचा डोस झाला. दिवाळी पाडव्यापर्यंत चार लाखांतले दोन लाख सत्तर हजार आले. मे-जूनमध्ये उघडं असतो तर किती आले असते, ते सांगता येत नाही. त्या जूनची विक्री मात्र गेली ती गेलीच. काही गिऱ्हाइकं अजून तिकडेच जातात, रस्त्यात भेटली की नजर चुकवतात, मी आवर्जून राम राम करतो.

ज्याच्याकडे बसायला घरचं माणूस नाही, ज्याची बहुतेक विक्री रोखीची आहे, किंवा ज्याला रोज रेडिएशनला जायचंय, आठवड्यातले पाच दिवस, पाच-सहा आठवडे, त्याने बंद ठेवलेलं बरं. त्याला मी आग्रह करणार नाही. पण वहीत उधारी असेल आणि दाराशी खुर्ची टाकण्यापुरती ताकद असेल तर मी काय केलं ते वर आहेच. हार्डवेअरवाल्याने परवा विचारलं, दहाच्या ऐवजी अकराला उघडलं तर चालेल का. चालेल, म्हटलं. पण वहीवर बसणाऱ्याला आजच सगळी खाती वाचून दाखवा. कोण कुणाचा जावई, कोण सोयाबीनवर देतो, कोण उसाच्या बिलावर. माझ्या पुतण्याला ते मी चौथ्या डोसानंतर सांगायला बसलो आणि निम्मी नावं मला आठवेनात.