सौर पंप घ्यायचा की फिडर सोलरवर जायची वाट बघायची?

मेव्हण्याचा परवा फोन, म्हणे सौर पंपाचा अर्ज भरू का, की गावाजवळ सोलर प्लांट होतोय, आपला फिडर (सबस्टेशनवरून पंपांना येणारी लाइन) त्यावर जाईल म्हणतात तर थांबू. मी एवढंच विचारलं, विहिरीवर लाइटचा पोल आलाय का?

पोल नसेल तर 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेचा अर्ज बिनधास्त भरा. जनरलला १० टक्के, एससी-एसटीला ५ टक्के भरायचे, बाकीचं केंद्र आणि राज्य मिळून बघतं. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५, त्याच्यावर साडेसात. ५ वर्षं दुरुस्ती कंपनीकडे, विमापण आहे. फक्त आभाळ आलं की पंप सुस्तावतो आणि प्लेटा-केबलची राखण तुमच्याच गळ्यात.

पोल असेल तर घाई कशाला, साडेसात एचपीपर्यंतचं बिल तसंही मार्च २०२९ पर्यंत राज्य भरतंय. तुमचं दुखणं बिलाचं नाहीच, रात्रपाळीचं आहे, बॅटरी घेऊन साप-बिबट्याच्या भीतीत दारं धरायची ते. त्यावर औषध सौर कृषी वाहिनी २.० ही योजना, म्हणजे सबस्टेशनजवळ प्लांट टाकून शेतीचा अख्खा फिडर त्यावर घ्यायचा आणि दिवसा लाइट द्यायची. वैजापूर तालुक्यात धोंदलगावला ३ मेगावॉटचा प्लांट २०२४ ला सुरू झालाय, जमलं तर बघून या.

अडतं कुठं तर जागेवर. २०२१ ला ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०७० च्या नेट झिरोचा (हवेत सोडू तेवढाच कार्बन परत शोषायचा) शब्द दिला दिल्लीने, शेतीची लाइट देते राज्याची महावितरण, आणि गायरान असतं गावात, त्यामुळे तिघांचं जुळल्याशिवाय एक प्लेट उभी राहत नाही. पंपाला तुमची एकट्याची फाइल सरकली की काम झालं, फिडरला मात्र अख्खं गाव लागतं. प्लांट झाला तर ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख असे ३ वर्षं मिळतात, खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख वार्षिक भाडं, तरी आमच्याकडे गायरानावरून वाजलंच, आणि शेळ्यावाल्यांचं काय चुकलं, चरायला न्यायच्या कुठं?

मेव्हण्याकडे पोल आहे. त्याला म्हटलं अर्ज राहू दे, आधी ग्रामसभेत उभा राहून विचार की आपला फिडर कुठल्या सबस्टेशनवर आहे आणि तिथं जागा ठरली का, नसेल ठरली तर परत फोन कर.