चाक हबला चिकटलंय: लाथ, तेल की गाडीच पुढेमागे?

सगळे नट निघाले, गाडी जॅकवर चढली, आणि चाक मात्र जागचं हलत नाही. वरळी-वर्सोव्याकडे समुद्राच्या वाऱ्यात उघड्यावर राहणाऱ्या गाड्यांना हा आजार हमखास जडतो. हब म्हणजे ज्या गोल भागावर चाक नटांनी आवळलेलं असतं तो. त्याच्या मधली गोल कड चाकाच्या मधल्या भोकात घट्ट बसते. त्या बारीक फटीत ओल आणि मीठ शिरलं की गंज फुगतो आणि फट गच्च भरते. अलॉयचं, म्हणजे ॲल्युमिनियमच्या चाकाचं दुखणं वेगळं: खाऱ्या ओलीत पोलादाला टेकलेलं ॲल्युमिनियमच झिजतं आणि पांढरी पूड धरून बसतं.

लाथेने सुरुवात करायला हरकत नाही, फुकटात होते. पण गाडीखाली जॅक स्टँड (गाडी टेकवून ठेवायची घोडी) हवाच. स्टेपनीसोबत मिळणारा जॅक आडव्या धक्क्याने कलंडतो. बाकीच्या चाकांना विटा लावा आणि नट दोन-तीन आटे परत चढवा, म्हणजे चाक सुटून अंगावर येणार नाही. मग टाचेने टायरच्या रबरावर मारा, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. चाक डोलायला लागलं की गंज तुटतो. रिमवर लोखंडी हातोडा अजिबात नको, अलॉयला चीर जाते. दहा मिनिटांत हललं नाही तर पाय दुखवण्यात अर्थ नाही.

डब्ल्यूडी-४० किंवा गंज सोडवणारा स्प्रे लोक सगळ्यात आधी मारतात आणि लगेच ओढायला लागतात. चाक हबवर दाबून बसलेलं असतं, तेल आत झिरपायला वेळ घेतं. मधली टोपी काढून कडेभोवती फवारा, निदान अर्धा तास थांबा, रात्रभर ठेवता आलं तर उत्तम. घाईच्या वेळी त्याच्यावर भिस्त ठेवू नका. ब्रेक डिस्कवर उडालं तर ब्रेक क्लीनरने पुसूनच गाडी काढायची.

सोसायटीच्या आवारात सपाट चार-पाच मीटर जागा असेल तर आमचं मत तिसऱ्या उपायाला. नट हाताने टेकवून प्रत्येक फक्त अर्धा आटा सैल करा, गाडी खाली उतरवा, पहिल्या गिअरमध्ये चालण्याच्या वेगाने दोन मीटर पुढे घेऊन ब्रेक दाबा, मग तसंच मागे. गाडीचं वजन त्या चिकटलेल्या जागेवर येतं आणि बहुतेक वेळा दोन-तीन फेऱ्यांत ‘टक’ असा आवाज येतो. तिथेच थांबायचं. नट जास्त सैल ठेवले तर रिम स्टडचे (नट ज्यावर चढतात त्या हबच्या खिळ्यांचे) आटे खरवडते. पार्किंगच्या उतारावर किंवा रस्त्यावर हा प्रयोग नको.

आतल्या बाजूने लाकडी ठोकळा लावून घणाने ठोकणं चालतं, पण ते लिफ्टवर, गॅरेजमध्ये. गॅसची ज्योत तर नकोच: तापलेला टायर फुटू शकतो, अलॉय नरम पडतो आणि बेअरिंगचं ग्रीस जातं. भर पावसात हायवेच्या कडेला पंक्चर झालं असेल तर यातलं काहीही न करता विम्याच्या किंवा कंपनीच्या रस्ता-मदतीला फोन लावा. वाहत्या ट्रॅफिककडे पाठ करून लाथा मारणं हा उपाय नव्हे.

चाक निघालं की खरं काम सुरू. हबचा पृष्ठभाग आणि रिमचं भोक तारेच्या ब्रशने घासा. गंजाचे पापुद्रे राहिले तर ते दबतात आणि नट सैल पडतात. कडेवर अँटी-सीझचा (धातू एकमेकांना चिकटू न देणाऱ्या पेस्टचा) पातळ हात पुरे. स्टडच्या आट्यांना आणि नट टेकतो त्या जागेला लावू नका. तिथे वंगण असलं की टॉर्क पाना (नट किती जोराने आवळला ते दाखवणारा) तोच आकडा दाखवतो, स्टड मात्र जास्त ताणला जातो. उडालेला स्प्रेही तिथून पुसा. नट आडवे-तिडवे क्रमाने, मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. मे महिन्यात, पावसाआधी चाकं एकदा काढून हे केलं तर जुलैत लाथ मारायची वेळ सहसा येत नाही.