ई-राजपत्र: भाग ओळखला तरच सापडते

महाराष्ट्र शासनाचे ई-राजपत्र, म्हणजे सरकारी गॅझेटची ऑनलाइन आवृत्ती, फुकट आहे, पीडीएफ उतरवून घेता येते. खरी डोकेदुखी शोधाची. जुनी पाने स्कॅन केलेली असली की मराठी शब्द टाकून काही हाती लागत नाही. राजपत्र मजकुराच्या प्रकारानुसार भागांत विभागलेले असते, म्हणून आधी भाग ठरवा. अधिनियम, अध्यादेश असाधारण भाग चारमध्ये, त्यांचा इंग्रजी अनुवाद भाग आठमध्ये. राज्याच्या कायद्यांखालचे नियम चार-ब मध्ये, केंद्रीय कायद्यांखालचे चार-अ मध्ये. इथेच बहुतेकजण चुकतात. मग तारीख टाका. एक-दोन दिवस मागेपुढेही पाहा. शासन निर्णय मात्र इथे शोधू नका, त्यांचे संकेतस्थळ निराळे. आणि राजपत्रात छापले म्हणजे कायदा लागू झाला, असेही नाही: कलम १ मध्ये ‘शासन अधिसूचनेद्वारे नेमून देईल त्या दिनांकास’ असे असेल, तर ती वेगळी अधिसूचनाही काढून ठेवा.